लॅपटॉपच्या पोटात काय चालतं? ऑनलाइन ऑपरेटिंग सिस्टिम शिकणाऱ्या सीमाभागातल्या मुलांसाठी

खानापुरात किंवा निपाणीत घरी बसून कुणी लॅपटॉपवर ऑपरेटिंग सिस्टिमचं लेक्चर लावतं, तेव्हा त्या लॅपटॉपवर शंभर-दोनशे प्रोसेस, म्हणजे चालू असलेले प्रोग्राम, जिवंत असतात. ब्राउझर असतो, त्याच्या बहुतेक टॅबसाठी वेगळी प्रोसेस असते, शिवाय आवाज, वायफाय, बॅटरी, घड्याळ, अपडेट शोधणारे प्रोग्राम असतात. प्रोसेसरचे कोअर, म्हणजे प्रत्यक्ष काम करणारे भाग, साध्या लॅपटॉपात चार. तरीही लेक्चर चालू असताना आपण वहीची फाईल उघडतो, मेसेज बघतो आणि व्हिडिओ अडखळत नाही. कारण यातल्या प्रत्येक प्रोग्रामला वाटत असतं की हा संगणक आपल्या एकट्याचा आहे. प्रोसेसर आपला, मेमरी आपली, डिस्क आपली.

हा समज खोटा आहे आणि तो टिकवून धरणं हेच ऑपरेटिंग सिस्टिमचं मुख्य काम आहे. सिलॅबसमधली प्रकरणं सुटी सुटी वाटतात: प्रोसेस, शेड्युलिंग, मेमरी, सिंक्रोनायझेशन, फाईल सिस्टिम. ती सगळी एकाच प्रश्नाची उत्तरं आहेत. एकच यंत्र अनेकांना वाटून द्यायचं आणि कुणालाही दुसऱ्याचा त्रास होऊ द्यायचा नाही, हे कसं करायचं?

हे एवढ्या आग्रहाने सांगण्याचं कारण आपल्याकडची परिस्थिती. बेळगाव, खानापूर, निपाणीकडची मराठी शाळेतली मुलं एसएसएलसीपर्यंत, म्हणजे दहावीपर्यंत, मराठीत शिकतात. पीयूला, म्हणजे अकरावी-बारावीला, विज्ञान घेतलं की एकदम सगळं इंग्रजीत येतं आणि इंजिनिअरिंगला किंवा बीसीएला गेल्यावर तर विचारायलाच नको. त्यात ऑनलाइन कोर्समध्ये फळ्यासमोरचे सर थांबत नाहीत, चेहरा बघून पुन्हा सांगत नाहीत. मग मुलं व्याख्या पाठ करतात. डेडलॉकच्या, म्हणजे दोन कामं एकमेकांची वाट बघत कायमची अडकण्याच्या, चार अटी तोंडपाठ असतात, पण डेडलॉक झालेला प्रोग्राम कधी डोळ्यांनी पाहिलेला नसतो. आयआयटी आणि बेंगळुरूची आयआयएससी यांच्या एनपीटीईएलचे कोर्स स्वयम या सरकारी ऑनलाइन पोर्टलवर असतात. त्यांत दर आठवड्याच्या असाइनमेंटला २५ टक्के आणि केंद्रावर जाऊन द्यायच्या परीक्षेला ७५ टक्के वजन असतं. पाठांतरावर असाइनमेंट निघून जातात. परीक्षेतली गणितं आणि 'या प्रोग्रामचं उत्तर काय येईल' असे प्रश्न पाठांतरावर निघत नाहीत. म्हणून या लेखात व्याख्या कमी आहेत. तुमच्या समोरच्याच यंत्रावर काय बघायचं ते जास्त आहे.

प्रोग्राम हात कुठे पसरतो

सुरुवात एका ओळीच्या सी प्रोग्रामने करू. पडद्यावर 'नमस्कार' छापणारा. आपल्याला वाटतं प्रोग्रामने छापलं. पण साध्या प्रोग्रामला पडद्याला हात लावायची परवानगीच नाही. प्रोसेसर दोन पातळ्यांवर चालतो: यूजर मोड आणि कर्नल मोड. ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, म्हणजे कर्नल, वरच्या अधिकाराने चालतो. आपला प्रोग्राम खालच्या. डिस्क, पडदा, नेटवर्क यांतलं काहीही हवं असेल तर प्रोग्रामने कर्नलकडे मागणी करायची. या मागणीला सिस्टिम कॉल म्हणतात. ६४ बिटांच्या लिनक्सवर असे तीनशेहून अधिक कॉल आहेत. आपला रोजचा कारभार मात्र रीड, राइट, ओपन, फोर्क, एक्झेक अशा थोडक्यांवर चालतो.

लिनक्सवर 'एसट्रेस' नावाची कमांड आहे. तिच्या पुढे आपल्या प्रोग्रामचं नाव लिहिलं की त्याने कर्नलकडे केलेली प्रत्येक मागणी ओळीओळीने दिसते. एवढ्याशा प्रोग्रामनेही काही डझन मागण्या केलेल्या असतात. बहुतेक सुरुवातीला सी ची लायब्ररी मेमरीत आणण्यासाठी. शेवटाकडे एक 'राइट' दिसेल आणि तिचं उत्तर २२ असेल. म्हणजे २२ बाइट लिहिले. का २२? 'नमस्कार' मध्ये न, म, स, हलन्ताचं चिन्ह, क, काना आणि र अशी सात चिन्हं आहेत. यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. सात त्रिक एकवीस आणि नवी ओळ सुरू करणारा एक बाइट. कर्नलला अक्षर कळत नाही, भाषा कळत नाही. त्याला बाइट कळतात. हा प्रयोग एकदा केला की सिस्टिम कॉल म्हणजे काय हे विसरणं अवघड.

फोर्क हा कॉल परीक्षेत हमखास येतो. फोर्क केल्यावर चालू प्रोसेसची हुबेहूब दुसरी प्रत तयार होते आणि दोघीही पुढच्या ओळीपासून चालू लागतात. फरक एवढाच की जुन्या प्रोसेसला उत्तर म्हणून नवीचा क्रमांक मिळतो आणि नवीला शून्य. एकापाठोपाठ तीन वेळा फोर्क लिहिलं तर? पहिल्याने दोन झाल्या, त्या दोघींनी दुसरा केला म्हणून चार, चौघींनी तिसरा केला म्हणून आठ. नव्या किती असं विचारलं असेल तर उत्तर सात. कागदावर झाड काढा, मनातल्या मनात करू नका.

पाळी कुणाची

दोनशे प्रोसेस आणि चार कोअर म्हणजे मोठी रांग लागलेली असेल असं वाटतं. 'टॉप' ही कमांड चालवून बघा. बहुतेक प्रोसेसच्या पुढे 'झोपलेली' अशी खूण असते. ब्राउझरने व्हिडिओचा पुढचा तुकडा मागितला आणि तो अजून नेटवरून यायचा आहे, तर त्या प्रोसेसला प्रोसेसर देऊन उपयोग काय? कर्नल तिला बाजूला ठेवतो. डेटा आला की नेटवर्क कार्ड इंटरप्ट, म्हणजे 'इकडे बघ' असा इशारा, पाठवतं, कर्नल जागा होतो, त्या प्रोसेसला पुन्हा 'तयार' यादीत घालतो. चालू, तयार आणि थांबलेली या तीन अवस्थांचं चित्र प्रत्येक कोर्समध्ये असतं. ते चित्र टॉपमध्ये जिवंत दिसतं.

आणि एखादी प्रोसेस थांबलीच नाही तर? कधीही न संपणारा लूप लिहा आणि चालवा. लॅपटॉप बंद पडत नाही. कारण टायमर सेकंदाला शेकडो वेळा इंटरप्ट देतो आणि दर वेळी ताबा कर्नलकडे येतो. कर्नल ठरवतो की तुझं झालं, आता दुसऱ्याला. जुन्या प्रोसेसचे रजिस्टर, म्हणजे प्रोसेसरच्या आतले हातातले आकडे, जपून ठेवायचे, नवीचे भरायचे आणि पुढे जायचं. यालाच कॉन्टेक्स्ट स्विच म्हणतात.

पाळी कुणाला द्यायची यावर गणितं येतात. २०, ४ आणि ३ मिलिसेकंदांची तीन कामं एकदम आली. लिहिलेल्या क्रमाने घेतली तर वाट पाहण्याचा वेळ ०, २० आणि २४, सरासरी १४.६७. सर्वांत लहान काम आधी घेतलं तर ०, ३ आणि ७, सरासरी ३.३३. फरक डोळ्यांत भरणारा आहे. मग सगळ्याच सिस्टिम लहान काम आधी का घेत नाहीत? कारण काम किती लांब चालेल हे आधी कुणालाच माहीत नसतं. वहीतल्या गणितात तो आकडा दिलेला असतो, खऱ्या यंत्रात नसतो. म्हणून लिनक्समध्ये २००७ पासून वेगळी पद्धत आली. आतापर्यंत कुणाला किती वेळ मिळाला याचा हिशेब ठेवायचा आणि ज्याला कमी मिळाला त्याला पुढे घ्यायचं. २०२३ मध्ये ६.६ या आवृत्तीत त्याहून सुधारलेली पद्धत आली, पण समान वाट्याचा मूळ विचार तोच राहिला.

एकच पत्ता, दोन घरं

सगळ्यांत जास्त मुलं अडकतात ती मेमरीत. म्हणून इथे जरा थांबू.

दोन वेगळे प्रोग्राम दोघेही '२०५०० या पत्त्यावरची किंमत दे' असं म्हणू शकतात आणि दोघांना वेगवेगळी, आपापली किंमत मिळते. हे कसं शक्य आहे? बेळगावात मारुती गल्ली आहे आणि आसपासच्या कितीतरी गावांतही मारुती गल्ली आहे. 'मारुती गल्ली, घर नंबर १२' या पत्त्यावर पत्र कुठे जाणार हे गावावरून ठरतं. तसं इथे पत्ता कुठे जाणार हे प्रोसेसवरून ठरतं. प्रोग्राम वापरतो तो व्हर्च्युअल पत्ता. रॅममधली खरी जागा वेगळी असते. दोघांमधला तक्ता म्हणजे पेज टेबल आणि प्रत्येक प्रोसेसचं पेज टेबल स्वतंत्र असतं.

तक्त्यात एकेका बाइटची नोंद ठेवणं परवडणार नाही. म्हणून मेमरीचे ४०९६ बाइटचे, म्हणजे ४ केबीचे, तुकडे करतात. व्हर्च्युअल बाजूच्या तुकड्याला पेज म्हणतात, रॅममधल्या तुकड्याला फ्रेम. आता २०५०० घेऊ. ४०९६ ने भागा: भागाकार ५, बाकी २०. म्हणजे पाचव्या क्रमांकाचं पेज, त्याच्या आत विसावा बाइट. या प्रोसेसच्या तक्त्यात ५ समोर ९ लिहिलं असेल तर खरा पत्ता ९ गुणिले ४०९६ अधिक २०, म्हणजे ३६८८४. दुसऱ्या प्रोसेसच्या तक्त्यात ५ समोर दुसराच आकडा असेल. बस, एवढंच आहे. पेज बदलतं, आतलं अंतर बदलत नाही. बिटांमधलं गणित आलं तरी घाबरू नका. ४०९६ म्हणजे २ चा १२ वा घात. म्हणून पत्त्याचे खालचे १२ बिट अंतराचे, उरलेले वरचे पेज क्रमांकाचे.

पुढची अडचण तक्त्याच्या आकाराची. ३२ बिटांच्या पत्त्यात पेज क्रमांकाला २० बिट उरतात, म्हणजे १०,४८,५७६ नोंदी. प्रत्येक नोंद ४ बाइटची धरली तर एका प्रोसेसचा तक्ता ४ एमबीचा. शंभर प्रोसेस म्हणजे ४०० एमबी नुसत्या तक्त्यांत गेले! आणि बहुतेक प्रोसेस आपल्या पत्त्यांपैकी फार थोडे वापरतात. म्हणून तक्त्याचाच तक्ता करतात. वरच्या तक्त्यात ज्या भागाचा वापर नाही त्याचा खालचा तक्ता बनवायचाच नाही. ३२ बिटांत हे दोन पातळ्यांचं असतं, १०, १० आणि १२ बिट. आजच्या ६४ बिटांच्या इंटेल-एएमडी प्रोसेसरवर सहसा चार पातळ्या असतात, प्रत्येकी ९ बिट. मग प्रत्येक वेळी चार तक्ते चाळायचे? तेवढा वेळ जाऊ नये म्हणून नुकत्याच वापरलेल्या नोंदी प्रोसेसरच्या आतच एका छोट्या साठ्यात ठेवतात, त्याला टीएलबी म्हणतात.

आता रोजचा अनुभव. फोनवर लेक्चर थांबवून तुम्ही दुसऱ्या चार अ‍ॅपमध्ये गेलात, परत आलात तर पान पुन्हा पहिल्यापासून लोड होतं. तीन-चार जीबी रॅमच्या फोनवर हे सारखं होतं. मुलं नेटला दोष देतात. बऱ्याचदा कारण मेमरीचं असतं. अँड्रॉइड आधी मागे पडलेली पेजेस आवळून ठेवायचा प्रयत्न करतं. तरी पुरत नसेल तर सध्या सर्वांत कमी महत्त्वाची प्रोसेस मारून टाकतं आणि पडद्याआड गेलेला ब्राउझर त्या यादीत लवकर येतो.

जुन्या हार्ड डिस्कच्या लॅपटॉपवर त्रास वेगळ्या रूपात दिसतो. रॅम भरली की कर्नल न वापरलेली पेजेस डिस्कवर टाकतो आणि लागली की परत आणतो. तक्त्यात नोंद आहे पण पेज रॅममध्ये नाही, अशा वेळी पेज फॉल्ट होतो. यात चूक काहीच नाही, तो रोजचा व्यवहार आहे. पण रॅम वाचायला साधारण १०० नॅनोसेकंद आणि हार्ड डिस्कला साधारण १० मिलिसेकंद लागतात. एक लाख पट फरक. प्रत्येक दुसऱ्या पावलाला पेज फॉल्ट होऊ लागला की यंत्र फक्त पेजेसची ने-आण करत बसतं. यालाच थ्रॅशिंग म्हणतात. डिस्कचा दिवा सतत लुकलुकतो आणि माउससुद्धा हलत नाही, तेव्हा हेच चाललेलं असतं.

कुठलं पेज बाहेर काढायचं यावरची गणितं सोपी आहेत, सराव हवा. एक मात्र आवर्जून करा. पेजेसचा क्रम १, २, ३, ४, १, २, ५, १, २, ३, ४, ५ असा घ्या आणि आधी आलेलं आधी बाहेर हा नियम लावा. तीन फ्रेम असताना ९ पेज फॉल्ट येतात, चार फ्रेम दिल्यावर १०. मेमरी वाढवली आणि काम बिघडलं! हंगेरीचे लास्लो बेलाडी यांनी १९६९ मध्ये हे दाखवलं. वाचून पटत नाही, वहीत मांडल्यावर पटतं.

बेरीज चुकते तेव्हा

एका प्रोग्राममध्ये दोन थ्रेड, म्हणजे एकाच मेमरीवर एकाच वेळी चालणारे दोन धागे, करा. दोघांनी एकाच आकड्यात दहा लाख वेळा एक मिळवायचा. उत्तर २० लाख यायला हवं. चालवा. तेरा लाख काहीतरी येईल, पुढच्या वेळी वेगळंच येईल. संगणकाची बेरीज चुकते असं वाटतं. पण 'एक मिळव' ही एक ओळ आतून तीन पायऱ्यांची असते: मेमरीतून आकडा वाच, एक मिळव, परत लिही. दोघांनी एकाच वेळी ५०० वाचला, दोघांनी ५०१ लिहिला, एक भर वाया गेली. याला रेस कंडिशन म्हणतात. एक तांत्रिक सूचना: हा प्रयोग कंपायलरचं ऑप्टिमायझेशन बंद ठेवून करा, नाहीतर तो अख्खा लूप एका बेरजेत गुंडाळतो आणि उत्तर बरोबर आल्यासारखं दिसतं.

उपाय म्हणजे कुलूप. आत एक जण असेल तर दुसऱ्याने थांबायचं. डच शास्त्रज्ञ डायक्स्ट्रा यांनी १९६० च्या दशकात यासाठी सेमाफोर, म्हणजे किती जणांना आत सोडायचं हे मोजणारा आकडा, मांडला. तो आजही तसाच शिकवतात. डेडलॉक इथूनच येतो. पहिल्या थ्रेडने अ हे कुलूप घेतलं आणि ब मागतोय, दुसऱ्याने ब घेतलं आणि अ मागतोय. दोघेही कायमचे उभे. दोन्ही थ्रेडनी नेहमी आधी अ आणि मगच ब घ्यायचं असं ठरवलं की हा फेरा तुटतो. दहा ओळींचा प्रोग्राम लिहून तो अडकलेला बघा, मग त्या चार अटी एकदा वाचा. पाठ करायची वेळ येणार नाही.

लाईट गेली तर

आपल्याकडे पावसाळ्यात, विशेषतः खानापूरच्या पश्चिमेला, लाईट कधी जाईल सांगता येत नाही. त्यामुळे फाईल सिस्टिमचं प्रकरण आपल्या मुलांना सर्वांत जवळचं वाटायला हवं. डेस्कटॉप संगणकावर असाइनमेंटची फाईल सेव्ह केली, दहा सेकंदांत लाईट गेली, पुन्हा चालू केल्यावर फाईल जुनीच. सेव्ह तर केली होती! राइट हा कॉल यशस्वी झाला याचा अर्थ डेटा कर्नलच्या हाती पोहोचला, डिस्कवर नव्हे. कर्नल तो रॅममध्ये जमवून ठेवतो आणि सवडीने डिस्कवर उतरवतो. लिनक्समध्ये नेहमीची मुदत ३० सेकंदांच्या आसपास असते. आत्ताच उतरव असा हट्ट धरायचा असेल तर एफसिंक हा वेगळा कॉल आहे. डेटाबेसचे प्रोग्राम तो वापरतात, पण सगळेच प्रोग्राम प्रत्येक वेळी वापरत नाहीत. पेन ड्राइव्ह 'इजेक्ट' करून मगच काढा असं सांगतात त्याचंही कारण हेच.

दुसरा धोका मोठा आहे. एक फाईल वाढवायची तर मोकळ्या ब्लॉकची यादी, फाईलचा आयनोड (तिचा आकार आणि जागा यांची नोंद) आणि प्रत्यक्ष मजकूर अशा निदान तीन जागी लिहावं लागतं. मधेच लाईट गेली तर यादी एक सांगते आणि आयनोड दुसरंच. म्हणून ईएक्सटी४ सारख्या फाईल सिस्टिम आधी एका राखीव जागेत, जर्नलमध्ये, काय बदलणार आहोत ते लिहून ठेवतात आणि मग खरा बदल करतात. पुन्हा चालू झाल्यावर जर्नल वाचून अर्धवट काम पूर्ण करायचं किंवा सोडून द्यायचं. लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट अशी की नेहमीच्या मांडणीत जर्नलमध्ये आयनोड आणि याद्यांचे बदल जातात, तुमचा मजकूर जात नाही. डिस्क शाबूत राहील, शेवटचा परिच्छेद जाऊ शकतो.

कशावर करायचं

विंडोज असेल तर त्यात डब्ल्यूएसएल, म्हणजे विंडोजमध्येच लिनक्स चालवायची सोय, चालू करून उबंटू हे लिनक्स घ्या. जुना लॅपटॉप असेल तर सरळ हलकं लिनक्स टाका. चार जीबी रॅमवर व्हर्च्युअल मशीन चालवायचा अट्टाहास नको, थ्रॅशिंगचा अनुभव मात्र फुकट मिळेल. लॅपटॉपच नसेल तर अँड्रॉइड फोनवर टर्मक्स हे अ‍ॅप पुरतं. त्यात सी चा कंपायलर येतो, एसट्रेस येतो, थ्रेडचा प्रयोगही होतो. फक्त इतर अ‍ॅपच्या प्रोसेस तिथे दिसत नाहीत, कारण अँड्रॉइड प्रत्येक अ‍ॅपला वेगळा यूजर मानतं. तोही संरक्षणाच्या प्रकरणाचाच धडा आहे.

कोर्स अर्ध्यावर आला की एक्सव्ही६ उघडा. अमेरिकेतल्या एमआयटीने २००६ मध्ये शिकवण्यासाठी लिहिलेली ही छोटी ऑपरेटिंग सिस्टिम १९७५ च्या सहाव्या आवृत्तीच्या युनिक्सवर बेतलेली आहे. कोड दहा हजार ओळींच्या आत बसतो. लिनक्सचा कर्नल काही कोटी ओळींचा आहे, तो सुरुवातीला कुणालाच झेपत नाही. एक्सव्ही६ फुकट आहे आणि क्यूएमयू या एम्युलेटरवर, म्हणजे दुसऱ्या संगणकाची नक्कल करणाऱ्या प्रोग्रामवर, साध्या यंत्रातही चालते. आधी शेड्युलरचं फंक्शन वाचा, ते पन्नासेक ओळींचं निघेल. मग स्वतःचा एक सिस्टिम कॉल घाला, चालू प्रोसेस किती आहेत एवढं सांगणारा. त्यासाठी चार-पाच फाईलींत थोड्या थोड्या ओळी वाढवाव्या लागतात आणि प्रोसेसच्या यादीवरचं कुलूप घ्यायला विसरलात तर उत्तर कधी बरोबर येईल, कधी चुकेल. का चुकलं हे शोधताना शेड्युलिंग आणि कुलूप ही दोन्ही प्रकरणं पुन्हा उघडून वाचावी लागतील.